विरामचिन्ह काढलं, तर त्याचं काम कोणाकडे दिलं?

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही सांगलीत राहता. पुरावर कविता लिहिली आहे. तिच्यात पूर्णविराम नाहीत, शब्द पानभर विखुरलेत, काही शब्द मधूनच तोडलेत, कंस आहेत. एका दिवाळी अंकाने छापताना सगळ्या ओळी डावीकडे ओढून घेतल्या आणि स्वल्पविराम भरले. कविकट्ट्यावर एक ज्येष्ठ म्हणाले, हे परदेशी फॅड आहे, मराठीला मानवत नाही. आता तुम्ही विचारताय की अशा कवितेला काही नियम असतात, की कवी म्हणेल ते खरं? आणि ती मंचावर वाचायची कशी? नमुन्याला दिलेल्या ओळी या:

पाणी , पायरी
            पायरी(नं)
चढ    तं
      ( आई ) माळ्या
वर

या पाच ओळींत एक जागा फार चांगली साधली आहे, दोन जागा नुसत्याच विस्कटल्या आहेत. त्या कोणत्या आणि का, ते सांगण्याआधी पाया पक्का करू.

विरामचिन्ह ओळीत काहीतरी काम करत असतं. कुठे थांबायचं, कोणता शब्द कोणाला जोडायचा, कोण बोलतंय, आवाज कुठे चढवायचा, ही ती कामं. चिन्ह काढून टाकलं तरी काम शिल्लक राहतंच. ते दुसऱ्या कोणीतरी उचलावं लागतं: ओळ जिथे तोडली तिने, मोकळ्या सोडलेल्या जागेने, क्रियापदाने, विभक्तीच्या रूपाने, एखाद्या आकड्याने. कोणीच उचललं नाही तर ते वाचकाच्या डोक्यावर येतं. वाचक दोनदा-तीनदा ते करतो, मग पान उलटतो. म्हणून प्रायोगिक कवितेची संहिता हातात घेतली की मी प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारते: इथलं चिन्ह गेलं, त्याचं काम कोणाकडे गेलं?

आता ‘परदेशी फॅड’बद्दल. उलट विरामचिन्हंच मराठीत उशिरा आली. जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहीत, खुणा म्हणून फार तर एक दंड (।) आणि दोन दंड (॥). मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, दोन शब्दांत जागा नाही की स्वल्पविराम नाही. आज शाळेत शिकवतात ती चिन्हं मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीतून एकोणिसाव्या शतकात रुळली. पानावर आकार मांडणंही जुनंच. संस्कृतातले चित्रबंध बघा: खड्गबंध, पद्मबंध, गोमूत्रिका. भारवीच्या किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गात सर्वतोभद्र आहे. आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी, उलट वाचा, सुलट वाचा, वरून खाली वाचा, तेच उमटतं. मराठीत मोरोपंतांनी ओठांनी उच्चारायची अक्षरं वगळून निरोष्ठ रामायण लिहिलं. तेव्हा तुमच्या ज्येष्ठांना हे नम्रपणे सांगता येईल.

पण त्यांच्या तक्रारीत एक खरी गोष्ट दडली आहे, ती सोडू नका. जुन्या कवितेला चिन्हं लागत नव्हती, कारण छंदच थांबवत होता. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळलं आणि चौथा चरण आखूड पडला की वाचणारा आपोआप थांबतो. शार्दूलविक्रीडितात एकोणीस अक्षरांत बाराव्या अक्षरावर यति, म्हणजे थांबा, ठरलेली. सातारा जिल्ह्यातल्या मर्ढे गावचं नाव लावणाऱ्या मर्ढेकरांनी १९४७ च्या संग्रहात यंत्रयुगातलं शहर आणलं, ते बऱ्याचदा ओवी-अभंगाच्या चालीवर. त्यामुळे आशय कितीही अनोळखी असला तरी कान वाट चुकत नाही. मुक्तछंदाने यमक आणि अक्षरसंख्या सोडली, तेव्हा थांबवायचं काम ओळीवर आणि चिन्हांवर आलं. तुम्ही चिन्हंही काढलीत. म्हणजे तुमच्याकडे उरली ओळ, मोकळी जागा आणि मराठीचं व्याकरण. यातलं तिसरं हत्यार फार कमी जण जाणूनबुजून वापरतात.

मराठीचं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘गेली’, ‘राहिला’, ‘चढतं’ असं काही आलं की वाक्य मिटल्याची जाणीव होते, पूर्णविराम असो-नसो. म्हणून साधी, क्रियापदाने संपणारी वाक्यं चिन्हांवाचून बिनधास्त चालतात. घोटाळा होतो तो क्रियापदाला पुढे शेपूट जोडता येतं तिथे. हे वाक्य बघा:

ट्रॉली गेली ऊस राहिला नाही म्हणाला

‘ट्रॉली गेली’ स्वच्छ आहे. पुढे? ऊस राहिला, आणि कोणीतरी ‘नाही’ म्हणाला? की ‘ऊस राहिला नाही’ असं कोणीतरी म्हणाला? पहिल्या अर्थात ऊस फडात उभा आहे, दुसऱ्यात फड रिकामा. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा वर्षभराचा फरक आहे. ओळ तोडून अर्थ पक्का करता येतो:

ट्रॉली गेली
ऊस राहिला
नाही म्हणाला

किंवा

ट्रॉली गेली
ऊस राहिला नाही
म्हणाला

एकही चिन्ह नाही, तरी दोन्ही ठिकाणी शंका उरत नाही, कारण काम ओळतोडीने उचललं. तुम्हाला दोन्ही अर्थ हवे असतील तर एका ओळीत सलग ठेवा. तेही चालतं, फक्त ते ठरवून केलेलं असावं. ‘नाही’ पुढच्या ओळीत ढकलून अर्थ उलटा करणं (‘विसरलो / नाही’) हे मात्र जपून करा. एका कवितेत एकदा ते बोचतं. दुसऱ्यांदा वाचक आधीच ओळखतो.

क्रियापदावर विसंबण्याचा एक तोटाही आहे. प्रत्येक ओळ क्रियापदावर संपवली की ‘आला, गेला, होता, आहे’ असा ठेका सुरू होतो आणि सगळ्या ओळी सारख्या वजनाच्या होतात. चिन्हं काढलेल्या दहा संहितांपैकी सहा-सात तरी इथेच सपाट झालेल्या मी बघते. उपाय सोपा आहे. मराठीत शब्दक्रम हलवता येतो, तेव्हा दर चार-पाच ओळींत एकदा क्रियापद पुढे आणा: ‘चढतं पाणी’, ‘राहिली चप्पल’. थांबा मोडला की पुढचा थांबा पुन्हा ऐकू येतो.

व्याकरणातलं दुसरं हत्यार सामान्यरूपाचं. प्रत्यय लागण्याआधी नामाचं जे रूप होतं ते एकटं सापडलं की मराठी माणूस पुढच्या तुकड्याची वाट बघतो. ‘घरा’ म्हटलं की कान म्हणतो, घरात? घराला? घरावर? ओळ ‘घरा’वर संपवली की वाचक न थांबता खाली उतरतो. म्हणजे तिथे ओळ तुटते, पण श्वास तुटत नाही. काही नामांत याहून गंमतीचं होतं. ‘विहिरी’ हे अनेकवचनही आहे आणि एकवचनाचं सामान्यरूपही. म्हणून

उन्हात विहिरी
त वाकून बघते ती

इथे पहिल्या ओळीअखेर डोळ्यांपुढे अनेक विहिरी येतात आणि दुसऱ्या ओळीच्या पहिल्या अक्षराला त्यांची एकच विहीर होते. भिंत-भिंती, घागर-घागरी यांनाही हे जमतं. घोडा, माळा, घर यांना जमत नाही. त्यांचं सामान्यरूप वेगळं दिसतं, तिथे नुसतं अपुरेपण मिळतं. एकटा ‘त’ ओळीच्या सुरुवातीला कुरूप दिसतो हेही खरं. म्हणून हे तेव्हाच करा जेव्हा अनेक विहिरींचा क्षणभराचा भास कवितेला खरोखर हवा असेल.

आता तुमच्या ओळी.

‘माळ्या / वर’ ही तुमची उत्तम जागा. ‘वर’ शब्दयोगी म्हणून ‘माळ्या’ला चिकटलेला होता. एकटा पडला की तो ‘वरच्या दिशेला’ असा स्वतंत्र शब्द होतो. पूर, माळा आणि वर सरकणारं पाणी या सगळ्याचा ताण त्या दोन अक्षरांत येतो. फक्त एक विसंगती आहे. ‘वर’ हा शब्द पानावर सगळ्यांत खाली पडलाय. त्याकडे पुन्हा येते.

‘चढ    तं’ ही विस्कटलेली जागा. मधली फट काय करते? ‘चढ’ वेगळं वाचलं तर आज्ञा होते किंवा घाटातला चढ होतो, दोन्ही इथे नको आहेत. ‘तं’ला तर एकट्याने काहीच अर्थ नाही. तुम्हाला पाण्याचा संथपणा दाखवायचा असेल तर शब्द न तोडता त्याच्या आधी जागा सोडा, किंवा ‘चढतं’ला एक अख्खी ओळ द्या. शब्द तोडायचाच असेल तर असा शोधा की तुटल्यावर आत दुसरा शब्द सापडेल. तुमच्याच कवितेत तो आहे: पायरी. ‘पाय / री’ केलं की पाण्याखाली गेलेला पाय दिसतो.

‘पाणी , पायरी’ मध्ये स्वल्पविरामाआधी सोडलेली जागा टंकलेखनातली चूक वाटते. ती मुद्दाम असेल तर कवितेत निदान तीन ठिकाणी तसंच करा. एकाच ठिकाणी केलेला प्रयोग मुद्रितशोधक दुरुस्त करणारच, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. ‘पायरी(नं)’ आणि ‘( आई )’ या दोन कंसांची कामं वेगवेगळी आहेत. पहिल्यात कंस म्हणतो ‘हा प्रत्यय घ्या किंवा सोडा’, दुसऱ्यात तो आईभोवती चार भिंती उभ्या करतो. दुसरं काम कितीतरी मोलाचं आहे. पहिला कंस काढा, म्हणजे दुसऱ्याला किंमत येईल. एका कवितेत एका चिन्हाला एकच काम, हे मी जवळपास कधीच मोडू देत नाही.

आता ‘वर’ खाली पडण्याबद्दल. पुराची कविता खालून वर वाचायला लावता येईल का? येईल, पण वाचकाला दिशा कळली पाहिजे. ‘खालून वाचा’ अशी सूचना देणं फार ढोबळ. सांगलीत यासाठी आयती खूण आहे, ती म्हणजे आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात ती ५७ फुटांच्या पुढे गेली होती. पातळीचे आकडे डावीकडे ठेवले तर तुमचेच शब्द असे बसतात:

४५   वर
४४   माळ्या
४३   ( आई )
४२   चढतं
४१   पायरीनं
४०   पायरी
३९   पाणी

तुमच्या शब्दांत मी भर घातलेली नाही, फक्त चुकीची फट, नको तो कंस आणि स्वल्पविराम काढले. आता आकडे तीन कामं करतात. दिशा सांगतात, प्रत्येक शब्दानंतर थांबवतात (म्हणजे स्वल्पविराम त्यांच्याकडे गेला), आणि ‘वर’ धोक्याच्या रेषेवर नेऊन ठेवतात. वाचक पहिल्यांदा वरूनच सुरुवात करेल, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला अडखळेल, मग आकड्यांकडे बघून तळाला जाईल. सात ओळींत हे अडखळणं परवडतं. पस्तीस ओळींची कविता अशी लिहाल तर वाचक तळापर्यंत पोचणार नाही, तिथे सात-सात ओळींचे टप्पे करावे लागतील. सांगलीबाहेरच्या वाचकासाठी शीर्षकाखाली बारीक अक्षरात ‘आयर्विन पूल, पाणीपातळी फुटांत’ एवढं पुरे. त्याहून जास्त समजावू नका.

आकाराच्या कवितेबद्दल सर्वसाधारण कसोटीही हीच. ती साध्या, डावीकडून सुरू होणाऱ्या ओळींत लिहून बघा. काहीच हरवलं नाही तर आकार वरून चिकटवलेला होता. पणतीच्या आकारात भरलेली पणतीवरची कविता या कसोटीला बहुतेक वेळा टिकत नाही. वरच्या सात ओळी आकडे काढून सलग लिहिल्या तर धोक्याची रेषाच जाते, म्हणून तिथे आकार हवा.

काम करायची पद्धत सांगते. आधी कवितेची गद्य प्रत करा, सगळी चिन्हं शाळेत शिकवतात तशी जागच्या जागी. मग एकेक चिन्ह पेन्सिलीने काट मारून काढा आणि समासात लिहा की काम कोणाकडे गेलं: ‘क्रियापद’, ‘ओळ’, ‘जागा’, ‘आकडा’. समासात काहीच लिहिता आलं नाही तर ते चिन्ह परत आणा किंवा ओळ बदला. ही प्रत झाली की कवितेशी संबंध नसलेल्या दोघांना, काहीही न सांगता, मोठ्याने वाचायला द्या. ते कुठे थांबतात तिथे दुसऱ्या रंगाने खूण करा. दोघंही एकाच चुकीच्या जागी थांबले तर दोष कवितेचा. एकच थांबला तर तूर्त सोडून द्या. वीस ओळींच्या कवितेला या सगळ्याला तास-दीड तास लागतो.

मोकळ्या जागेचं मापही ठरवून घ्या. ओळीच्या मध्ये तीन-चार अक्षरांएवढी जागा स्वल्पविरामासारखी वाचली जाते, आठ-दहा अक्षरांएवढी पूर्णविरामासारखी. दोन स्पेसची फट तर कोणाच्या लक्षातच येत नाही, किंवा छपाईतली गडबड वाटते. म्हणून एका कवितेत फार तर दोन मापं ठेवा, एक लहान, एक मोठं. ओळीच्या सुरुवातीची जागाही तीन टप्प्यांपुढे नेऊ नका. डावीकडून १०, २० आणि ३० मिलिमीटर असं मापात सांगता आलं पाहिजे. नुसतं ‘थोडं आत’ म्हटलं तर प्रत्येक छापील प्रत वेगळी निघते.

देवनागरीच्या काही अडचणी रोमन लिपीतल्या प्रयोगांत नसतात, त्यामुळे तिकडचं वाचून उचललेल्या युक्त्या इथे फसतात. आपल्याकडे कॅपिटल-स्मॉल अक्षरं नाहीत, म्हणून ‘मी’ लहान अक्षरात लिहून नम्र करणं मराठीत होत नाही. शब्दाची अक्षरं लांब लांब केली तर शिरोरेघ तुटते आणि शब्द दुकानाच्या पाटीसारखा दिसतो. अक्षरं एकाखाली एक रचायची असतील तर चार-पाच अक्षरांचाच, जोडाक्षर नसलेला शब्द घ्या. जोडाक्षर फोडलं तर पाय मोडून लिहावं लागतं आणि वाचक अडतो. काना-मात्रा अक्षरापासून वेगळी टाइप केली तर संगणक तिच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ काढतो. नुसती मात्राच दाखवायची असेल तर तिच्याआधी नॉन-ब्रेकिंग स्पेस द्यावी लागते, आणि तरी प्रत्येक फॉन्ट ती नीट दाखवतोच असं नाही.

तीन चिन्हं आपल्या लिपीत जपून वापरावी लागतात. अपूर्णविराम (:) शब्दाला चिकटून आला की विसर्ग वाटतो: ‘मन:’ आणि ‘मनः’ यातला फरक छापील पानावर बहुतेकांना दिसत नाही. कवितेत तो वापरायचा तर आधी बारीक जागा सोडा किंवा जुन्या पद्धतीने पुढे आडवी रेघ द्या. दंड शब्दाला चिकटला की काना वाटतो, म्हणून त्याच्याआधीही जागा हवी. दंड वापरायचा मोह होत असेल तर हेही लक्षात ठेवा की तो पोथीचा, आरतीचा सूर घेऊन येतो. तो सूर हवा असेल तर फार सुंदर काम करतो, नुसता पूर्णविरामाला पर्याय म्हणून आणला तर कवितेला उगाच सोवळं नेसवल्यासारखं होतं. तिसरं लोपचिन्ह. तीन टिंबं म्हणजे तीनच. सात-आठ टिंबांची रांग काहीच सांगत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी संख्या वेगळी असली तर वाचकाला ती निष्काळजी वाटते.

विरामचिन्हांपलीकडे हस्तलिखितांत आणखी खुणा आहेत, त्या आजच्या कवितेत फारशा कोणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं. सुटलेला शब्द वरून घालायची काकपदाची खूण घ्या: ओळीत नसलेलं माणूस, ओळीच्या वर, काकपदाने आत आणलेलं. किंवा हरताळ. पोथीतली चूक पिवळ्या हरताळाचा लेप लावून झाकत, ‘हरताळ फासणे’ त्यातूनच आलं. जुन्या नोटिशीतले किंवा पंचनाम्यातले शब्द झाकून उरलेल्यांची कविता करायची असेल तर काळ्या पट्ट्यांपेक्षा पिवळी पट्टी मराठी वाचकाला जास्त सांगेल. छपाई दोन रंगांत करावी लागेल आणि खर्च वाढेल, हे प्रकाशकाशी आधीच बोलून घ्या.

ओळींमधलं अंतरही कमी ठेवू नका. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा-रफार एकमेकांना भिडतात. सज्जनगडावर राहिलेल्या समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिलाय (दशक १९, समास १). पान आखून घ्यावं, ओळीला ओळ लागू नये, मात्रा दुसऱ्या ओळीत घुसू नये, असं त्यात बजावलं आहे. आजच्या हिशोबात साडेबारा पॉइंट अक्षराला अठरा पॉइंटचं अंतर साधारण ठीक बसतं. विखुरलेल्या कवितेला वीसही चालेल. डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंची पुस्तकात मजकुराची रुंदी सव्वाचार इंचांच्या आसपास मिळते. तुमची सर्वांत लांब ओळ, आत सरकवलेली जागा धरून, तेवढ्यात बसते का ते लिहितानाच बघा. नाही बसली तर शेवटचा शब्द खाली पडतो आणि तुम्ही न केलेली ओळतोड छापली जाते.

दिवाळी अंकात जे झालं ते बहुधा कोणी मुद्दाम केलेलं नाही. मजकूर आला की डीटीपी करणारे सर्वांत आधी दोन स्पेसची एक करतात आणि चिन्हाआधीची जागा काढतात. हे एका आदेशात सगळ्या अंकाला लागू होतं, त्यात तुमची कविताही धुतली जाते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर बदलून घेतला तर ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, दंड आणि अवग्रह (ऽ) गायब होतात. म्हणून कविता कधीही नुसती टाइप करून पाठवू नका. तीन गोष्टी पाठवा: युनिकोडमधला मजकूर, पान जसं दिसायला हवं तशी पीडीएफ, आणि चार ओळींचं टिपण. ‘स्पेस मुद्दाम आहेत, पीडीएफप्रमाणे ठेवाव्यात. ओळी दोन्ही बाजूंनी जुळवू नयेत. चिन्हं घालू नयेत. छापण्याआधी पानाचा फोटो पाठवावा.’ आत सरकवायला स्पेसबार वापरू नका, टॅब वापरा, कारण फॉन्ट बदलला की स्पेसची रुंदी बदलते. स्वल्पविराम घातले ते मात्र संपादनाचा भाग होता, ते तुम्हाला विचारून व्हायला हवं होतं. इथे तुमची नाराजी रास्त आहे.

फोनवर परिस्थिती वेगळी. पडदा अरुंद, ओळ कुठेही मोडते. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन तारकांमधला मजकूर ठळक होतो आणि तारका नाहीशा होतात, अंडरस्कोअरने तिरका होतो. कडव्यांमध्ये तारका टाकायची सवय असेल तर इथे जपा. विखुरलेली कविता फोनवर चित्र म्हणूनच पाठवा, आणि चित्राखाली साधा मजकूर द्या, म्हणजे ज्यांना फोन वाचून दाखवतो त्यांनाही ती मिळेल.

राहिलं मंचावरचं वाचन. मोकळी जागा म्हणजे शांतता, आणि ती मोजून घ्यावी लागते. लहान जागेला मनात एक, मोठीला तीन. कंसातल्या शब्दासाठी आवाज खाली आणायचा, पण वेग वाढवायचा नाही. घाईत म्हटलं तर ‘आई’ सूचनेसारखी ऐकू येते. श्रोत्यांना पान दिसत नाही, तेव्हा पानावर आकाराने केलेलं काम मंचावर आवाजाने उचलायचं. म्हणून तुमच्या कवितेतले आकडे वगळू नका, म्हणा. ‘एकोणचाळीस’, थांबा, ‘पाणी’. ‘चाळीस’, थांबा, ‘पायरी’. सांगली-मिरजेचे श्रोते चाळिसाला सावरून बसतील, त्यांना तो आकडा माहीत आहे. ‘त्रेचाळीस’नंतर आई हळू. ‘पंचेचाळीस’ म्हटल्यावर सर्वांत लांब थांबा घ्या, मग ‘वर’, आणि कागद खाली न घेता तसेच उभे राहा, जणू शेहेचाळीस अजून यायचा आहे.